दुसरी शर्मिष्ठा

सौदे संपले की साडेतीनला
मगदूमांच्या अडतीत शटर अर्धं खाली येतं,
भडंगाची पुडी सुटते,
आणि बाहुबली मगदूम चष्मा पुसून
मासिकाचा नवा अंक उघडतात.
दोन पानं होईतो कडेला आमचे पिवळे अंगठे.
सांगलीची हळद धुतल्यानं जात नाही
म्हणून कोणी धूत नाही.

'अगस्ती' यान सुटून एकतीस महिने झाले.
बाविसाव्या भागात शर्मिष्ठेनं
यानाचा दरवाजा बाहेरून लावला
आणि तिकडंच राहिली.
त्या दुपारी यार्डात
एक पोतं दोनदा मोजलं गेलं,
एक मोजायचंच राहिलं.

तेविसाव्यात काचेच्या हौदातून
दुसरी उठून बसली.
तोच आवाज,
चहा गार झाल्यावरची तीच नाराजी.
फक्त हनुवटीवरचा व्रण नाही.

आज तिनं यान डावीकडे वळवलं.
पहिली उजवीकडे गेली असती.
बस्स, एवढ्यावर पेटलं.

"ही आपली न्हवं," तात्या खोत म्हणाले.
"ती गेली तवा मी रातीला जेवलो न्हाई.
आता हिच्यासाठी ते जेवण परत मागू व्हय?"

"सही जुळते," वही न मिटता सुनंदाताई,
"पण सही जुळली म्हणून
चेक वटतोच असं नाही."

मेहबूब मुलाणी मिरजेत सतारी जुळवतात.
ते म्हणाले, भोपळा फुटला की आम्ही नवा लावतो.
तारा जुन्याच, दांडी जुनीच.
वर्षभर तो नुसता ऐकून घेतो.
मग कधीतरी बोलतो,
आणि जुन्यासारखं नाही बोलत.
"पोरींनो, बाप्यांनो, जरा ऐका.
तिला मागच्या सफरीचं विचारलं
तर ती म्हणाली, आठवत नाही.
लबाड असती तर सगळं आठवलं असतं."

मी गप्प. माझं काम काट्याचं.
माझ्या आधी इथं भूपालअण्णा, एकोणतीस वर्षं.
मार्चमध्ये ते गेले,
एप्रिलात मी त्यांच्या स्टुलावर बसलो.
फळीला त्यांच्या बसण्याचा खोलगट होता,
मला सैल.
पहिला महिनाभर
मी मोजलेलं प्रत्येक पोतं
शेजारच्या काट्यावर जाऊन यायचं.
कोणी काही म्हणायचं नाही.
एक्कावन्न किलो दोनशे, इथं.
एक्कावन्न किलो दोनशे, तिथं.

"रुमाल काढा," मगदूम म्हणाले.
जुनी रीत: हात रुमालाखाली,
बोटांत भाव,
तोंडानं पावसापाण्याच्या गप्पा.
एक बोट दाबलं तर विश्वास,
मूठ आवळली तर नाही.
मतं कोण घेणार?
सगळे एकमेकांकडे बघून
शेवटी माझ्याकडे बघू लागले.

सुनंदाताईंचं बोट थंड, शाईच्या बाजूचं.
मेहबूबभाईंचं तारेनं चिरलेलं, लगेच दाबलं.
मगदूमांनी मूठ धरली
आणि पावसाचं विचारलं.
तात्यांचा हात म्हणजे पोत्याची शिवण.
त्यांनी मूठ आवळली, आवळूनच ठेवली,
"न्हवं, न्हवं, ही आपली न्हवंच," म्हणत राहिले,
आणि खाली, अंधारात,
फार वेळानं एक बोट सोडलं.

माझा हात कोणाच्या हातात द्यायचा
हे कोणाला सुचलं नाही. मलाही.

आकडा आता एकट्या माझ्याकडे होता.
वाटलं असतं तर फिरवता आला असता.
मी सांगितला: तीन विश्वास, एक नाही.
तात्यांनी भडंगातला शेंगदाणा शोधला.
कोणी कोणाला, तू काय दिलंस, विचारलं नाही.
रुमाल झटकला तेव्हा थोडी हळद उडाली,
मगदूमांना शिंक आली,
चष्मा काढून त्यांनी अंक माझ्याकडे सरकवला.
"उरलेलं तू वाच."

मी स्टूल ओढलं.
यान अजून डावीकडेच वळत होतं.