रकाना

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीतल्या दवाखान्यात
काउंटरवरच्या पोरीनं फॉर्म पुढं सरकवला
आणि पेन मात्र मागं ठेवलं.
"मालकांना घेऊन या. त्यांची सही लागती."
भिंतीवर पाटी : इथे लिंगनिदान केले जात नाही.
पाटीखाली बसलेल्या दोघी माझ्याकडं बघून कुजबुजल्या,
"पोरगी असंल."

काय आहे मला माहीत न्हाई.
माहीत करून घ्यायचंबी न्हाई.
तांबी सरकली, आठवा आठवडा लागला,
पदरात दोन पोरं आहेत, आणि मला आता नको आहे,
एवढं माहीत आहे.

मी हुपरीचा. पैंजणाच्या कड्या जुळवतो,
डाख देतो, घुंगरू लावतो.
आमच्याकडं बाईसुद्धा 'मी जातो, मी करतो'च म्हणते,
पुण्याची नणंद हसते त्याला.
बोलण्यात आम्ही बाप्यासारख्या,
कागदावर आलं की
कुणाची तरी बायको.

शेठ चांदी तोलून देतो, पैंजण तोलून घेतो.
सहा ग्रॅम घट आली की वही उघडतो,
भुयीवरचा केर चाळायला लावतो.
तीन खेपा हे पोट भरलं.
रक्त उतरलं, दाढ पडली, कंबर गेली.
ती घट कुणाच्या वहीत लिवलीय?

तीन म्हणालो. पोरं दोन.
सात वर्षांमागं सासूनं रात्रीची जीप सांगितली.
सीमेपलीकडं, पाटी नसलेलं घर,
पोटावर गार काहीतरी चोळलं.
येताना सगळी गप्प होती, त्यावरून मला कळलं.
दोन दिवसांनी परत जीप दारात.
मी उंबरा धरून बसलो होतो.
एकेक बोट सोडवलं.

तीच माणसं आता म्हणतात,
"जिवाची हत्या. देवानं दिलंय, राहू दे."
देव तवा
जीपमध्ये मागच्या सीटवर होता काय?

डोक्यात किती वर्षं दोन कड्या वेगळ्याच पडल्या होत्या,
परवा कड्या मोजता मोजता आपोआप जुळल्या.
तवा काढायला लावलं, आता ठेवायला लावतात.
पोट तेच.
विचारायचं राहिलं तेबी तेच.
माझं 'न्हाई' तवा कुणी ऐकलं असतं
तर ती आज पहिलीत असती, पाटीवर गिरवत.
ज्याला माझं आजचं 'न्हाई' पाप वाटतं
त्यानं त्या रात्रीचं आधी ऐकायला पायजे होतं.

सरकारी दवाखान्यात नदाफ सिस्टर.
चष्मा कपाळावर घेऊन म्हणाल्या, "वय?"
"चौतीस."
"मग तुझीच सही."
"आणि मालकांची?"
"त्याला हितं रकानाच न्हाई, बाई. कायद्यातच न्हाई."
मी कागद दोनदा वाचला. पाठीमागूनबी बघितला.
खरंच नव्हता.

मला काही वाटत न्हाई असं समजू नका.
बाकड्यावर बसून पोटावर हात ठेवला होता
बराच वेळ.
वाटतं. पण जे वाटतंय
तेबी माझंच असू दे की.
सासूनं सांगितलेलं रडू न्हाई,
शेजारणीनं ठरवलेली लाज न्हाई.
आणि कुणाला दहावं ठेवायचं असंल
तर तिच्या उंबऱ्यावरबी मी बसंन, बोटं घट्ट धरून.

सही केली. सावकाश.
वैजयंता बाळासो मगदूम.
बाळासो मधी आलाच, सवयीनं.
सिस्टर हसल्या. मीबी हसलो थोडं.

गोळ्या, परत यायची तारीख, चार तासांनी काय खायचं,
सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं.
केएमटीत खिडकीची जागा मिळाली.
उसाची ट्रॉली पुढं होती, बस रांगत होती,
मला कसलीच घाई नव्हती.

सासू दारातच.
"कुठं गेलतीस एवढा वेळ?"
"गेलतो," म्हणालो, "सहीला."
आणि फुंकणी तोंडाला लावली.