संदर्भ हवा

साडेतीन ओळी होत्या फक्त.
'पैलथडीची नवरी हे एक संगीत नाटक आहे.'
पुढे वर्ष, त्र्याऐंशी, तेही चुकलेलं,
आणि दर वाक्याच्या शेपटीला
निळ्या अक्षरांत लटकलेलं: संदर्भ हवा.

मी सावरटोल्याच्या वाचनालयात बसतो,
सायंकाळी पाच ते आठ, लाइन असली तर.
कपाटात अठराशे पुस्तकं.
या नाटकाचं नाव एकाही पानावर नाही.
तपासलंय. दोन हिवाळे गेले त्यात.

मग सायकल काढून रुषी नाकाड्यांकडे गेलो.
तीस वर्षं पायपेटी वाजवली त्यांनी.
आता ऐकू कमी येतं, बोटं मात्र
खाटेच्या काठावर चालूच.
म्हणाले, "चौऱ्यांशी साल. पौष.
शंकरपटाच्या रात्री पहिला प्रयोग.
माही कौतिका त्याच रात्री झाली ना बाप्पा!
निरोप आला तवा तिसरा अंक सुरू होता,
अन् पेटी सोडून जाता नाई येत."

वर्ष दुरुस्त केलं.
अकरा मिनिटांत कोणीतरी परतवलं:
'वादकाची आठवण हा विश्वसनीय स्रोत नव्हे.'

बरोबर आहे. नियम मलाही पाठ आहेत.
म्हणून कौतिकाबाईचा शाळेचा दाखला पाहायला मागितला.
गोल शिक्का, जांभळी शाई, मुख्याध्यापकांची सही.
जन्मतारीख एक जुलै, त्र्याऐंशी.
पोरगी पहिलीत बसावी म्हणून
गुरुजींनी सहा महिने वाढवून दिले होते,
तिलाच नाही, अख्ख्या वर्गाला
एक जुलैला जन्माला घातलं होतं.
लेखातल्या चुकीला आता शिक्काही मिळाला असता.
मी दाखला घडी करून परत दिला.

प्रॉम्प्टरची वही सापडली दयाराम गेडामच्या घरी,
धानाच्या बियाण्याच्या पोत्यात.
दुसरा अंक उंदरांनी खाल्लेला.
तिसऱ्यात, जिथं गाणं असायला हवं
तिथं पेन्सिलीनं एवढंच:
'इथे ज. गाईल. वाट पाहणे.'
हा ज कोण?
विचारायला नाकाड्यांकडे गेलो
तर खाट भिंतीला उभी केलेली.

हँडबिल मात्र टिकलं एक. वडशाच्या छापखान्याचं, गुलाबी.
त्यावर नायिकेच्या भूमिकेत: यमुनाबाई.
तेवढं लेखात चढवलं, खाली तळटीप दिली.
ती कोणी काढली नाही.

आता उरला 'प्रतिसाद' हा विभाग.
त्यात काय लिहू?
की प्रेक्षकांसाठी जमीन खोल खणली होती,
तळाला तणीस अंथरलं होतं,
आणि पहाटे उठताना लोकांच्या पाठीला ते चिकटून आलं?
की बाबांच्या मामानं माझ्या आईला
त्याच खड्ड्यात, दुसऱ्या अंकात,
पेंगताना पाहिलं आणि पसंत केलं?
'तटस्थ दृष्टिकोन' असा एक नियम आहे.
आईला विचारलं, कसं होतं नाटक?
"लांबलं होतं फार," ती म्हणाली.
याहून तटस्थ मला काही सापडलं नाही.
आणि ती बाई? नाव काय तिचं?
"आम्ही तर नवरीच म्हणायचो."

परवा रात्री कोणीतरी लेखात एक शब्द बदलला.
नाव नाही, खातं नाही,
नुसता ठिपक्या-ठिपक्यांनी तोडलेला आकडा.
कुठं बसला असेल, पुण्यात, सुरतेत,
की नदीपलीकडच्या आरमोरीत, कळायला मार्ग नाही.
'यमुनाबाई'चं 'जमनाबाई' केलं होतं
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:
'तिले सारे जमनाच म्हनत.'

संदर्भ दिलेला नव्हता.
हँडबिलाच्या विरुद्ध होतं.
मी परतवलं नाही.

आभार पाठवायचं बटण शोधलं.
खातं नसलेल्यांना आभार पोचत नाहीत,
असं यंत्रानं सांगितलं.