शुद्धिपत्र

सकाळी पोदेराचा भोंपू वाजला.
मी पिशवी घेऊन फाटकाशी गेलो,
तर आंतोन पाव मोजता मोजता थांबला.
म्हणाला, "बाब, तूं मेलो न्हय?"

दोन उंडे, एक पोई.
पैसे घ्यायला त्याचा हात पुढे येईना.
मी ते टोपलीच्या काठावर ठेवले.

बातमी प्रज्योतने दिली होती, रात्री अकरा वीसला.
गावसांचा धाकटा. साखळीच्या बसस्थानकामागे
मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं,
आणि तिथल्या स्टुलावरून तो सगळ्या तालुक्याला लिहितो.
"ज्येष्ठ मुद्रीतशोधक भिकू मणेरकर यांचे निधन."
द्रीला दीर्घ वेलांटी.
आधी मला ती दिसली,
मग माझं मरण.

चौतीस वर्षं पणजीत रात्रपाळी केली.
कानावर पेन्सिल, बोटांना शाई,
पावणेदोनला शेवटचं पान उतरायचं
आणि मांडवीवरून येणाऱ्या वाऱ्यात
आम्ही जांभया देत चहाला जायचो.
चुका आमच्याही व्हायच्या.
मग दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर
नारळाच्या भावाखाली चार ओळींची दिलगिरी,
चष्मा पुसून शोधावी लागेल अशी.

एक मात्र कुठल्याच पानावर आली नाही.
खाणीखालच्या वाड्यावर विहिरींचं पाणी तांबडं झालं होतं.
ती बातमी मी तपासली होती,
एक अनुस्वार घातला, दोन काढले.
मग वरून फोन आला.
सकाळी त्या जागी
खाणवाल्यांच्या दिवाळीच्या शुभेच्छा.
शुद्धलेखन निर्दोष.
तेही मीच तपासलं होतं.

त्याच विहिरीवर हा पोरगा गेला, तीन वर्षांपूर्वी.
बाटलीत पाणी भरलं, उन्हात धरलं, फोटो काढला,
बायकांची नावं विचारून घेतली
आणि "पाणि" लिहिलं, ह्रस्व,
अकरा वेळा.
मी मोजलं होतं. दात खाऊन मोजलं होतं.
आठव्या दिवशी वाड्यावर टँकर आला.

म्हणून आज ओरडायला गेलो
तरी ओरडणं घशाशीच राहिलं.
मला बघून त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पडला.
"काका, तिघांनी पाठवलं होतं. तिघांनी!"
"तिघांना कोणी सांगितलं?"
तो फोन वर-खाली सरकवत राहिला.
बाहेर डिचोलीची बस माणसं भरून निघून गेली.
"एकानेच," तो म्हणाला.

मग अंगठा पुसायला निघाला.
म्हटलं, थांब, पुसू नकोस.
पुसलंस तर चूक झालीच नव्हती असं होईल,
आणि आंतोन मला आयुष्यभर भूत समजेल.
खाली लिही. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.
त्याने लिहिलं, फोन माझ्यापुढे धरला:
तुम्हीच बघा.
हात कानाकडे गेला. पेन्सिल नव्हती.
असती तरी काचेवर काय उमटलं असतं?

पण मेलं कोण?
फोनाफोनी केली तेव्हा कळलं,
अस्नोड्याचा एक भिकू मणेरकर.
फेरीबोटीवर दोर टाकायचा म्हणे, निवृत्त झाला होता.
एवढंच. "म्हणे" वगळलं तर तेवढंही नाही.
त्याचं मरण रात्रभर माझ्या नावावर फिरलं,
माझ्या फोटोखाली लोकांनी हात जोडले,
आणि त्याच्या दारात किती माणसं होती
कोणाला ठाऊक.

"बस पकड," मी म्हटलं. "आधी घर शोध.
विचार, लिहिलेलं चालेल का.
चालणार नसेल तर पाणी पिऊन परत ये."
त्याने शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण.
कागद आहे का विचारलं, तर नव्हता.
पोईचा कागद झटकून दिला त्याला,
कालच्या वर्तमानपत्राचा, एका बाजूला जरा कोरा.

वेलांटीचं सांगायचं राहूनच गेलं.
बस वळणापलीकडे गेली होती.