शीत

न्यार आलेगोनं फोन आणला तो तांदळाच्या डब्यातून.
तीन दिवस पुरून ठेवला होता,
शेजारीण म्हणाली म्हणून.

अपोंडीनं चार्जिंगच्या भोकात सुई घातली
आणि एक दाणा बाहेर काढला,
फुगलेला, मऊ, शिजायचाच बाकी.
शितावरून भाताची परीक्षा होते,
इथं फोनची झाली.
"तांदूळ भांड्यातलं पाणी पितो," अपोंडी म्हणाली,
"काचेपलीकडचं नाही."

किसुमूच्या बस स्टँडमागे आमचं पत्र्याचं खोकं,
चार फूट बाय सहा. अपोंडी, मी, एक पंखा,
आणि दिवसभर पाण्यातून निघालेले फोन.
सरोवर जवळ आहे. नाम लोल्वे,
ज्याला पैलतीर नाही असं पाणी.

"पडला कसा?"
पहाटे होडीत ओमेना तोलत होते,
दोन्ही हात तराजूला, टॉर्च लावलेला फोन दातात.
कोळ्यानं भाव सांगितला.
मी तोंड उघडलं.

"नंतर चालू करून पाहिलास?"
सातदा.
"चार्जरला लावलास?"
न्यार आलेगो पंख्याकडे बघत राहिली.
सगळे तिथंच बघतात.

भिजलेला फोन बुडून मरत नाही,
आपल्या घाईनं मरतो.
मागचं झाकण उघड, आधी बॅटरी सोडव, मग श्वास घे.
फुंकर मारू नकोस, फुंकरीतही पाणी असतं.
स्क्रू कागदावर ठेव, जिथला तिथं, चित्र काढून.
(पहिल्याच आठवड्यात मी लांब स्क्रू
आखूड भोकात पिळला. एका मास्तरांचा फोन
कायमचा मुका झाला.
ते पैसे माझ्या पगारातून अजून फिटतायत.)
आणि शेवटचं: पडदा उजळला की
फोन पालथा घाल. लोकांचं वाचायचं नाही.

आत शेवाळासारखी हिरवी बुरशी चढलेली.
मी स्पिरिटमध्ये दात घासायचा ब्रश बुडवून
तासभर एकेक टोक घासलं.
न्यार आलेगो बाकावर बसून.
"फोटो गेले तरी चालतील," मध्येच म्हणाली,
"यादी राहू दे."

दुसरी बॅटरी जोडली. थरथरला.
तिनं खवले चिकटलेल्या अंगठ्यानं
कुलपाची रेघ ओढली
आणि फोन माझ्या हातात दिला.
अपोंडी सुट्टे आणायला गेली होती.

पालथा घातला मी. जरा उशिरा.

उधारीची यादी होती. एकेचाळीस ओळी.
इथं बाईला माहेराच्या गावावरून हाक मारतात,
न्यार आलेगो म्हणजे आलेगोची लेक.
सतरावी ओळ: न्यार उगेन्या, १८५०, ऑगस्टपासून.
उगेन्याच्या लेकी बाजारात पुष्कळ आहेत,
असं मी म्हणणारच होतो स्वतःशी,
पण पुढं लिहिलं होतं: निळी छत्रीवाली.

त्या छत्रीची एक काडी
मी रविवारीच तारेनं बांधली होती.

बॅटरीचा कनेक्टर नीट बसला की
टक् असा आवाज येतो.
तो न येऊ देणं फार सोपं असतं.
पाणी होतं, हिरवी बुरशी होती, तांदूळ होते,
कुणी विचारलंही नसतं.
न्यार आलेगो माझ्याकडे बघत नव्हती,
माझ्या बोटांकडे बघत होती,
जशी मी तराजूच्या काट्याकडे बघतो
आईबरोबर मासळी घेताना.

टक्.

मग नऊ स्क्रू, नऊ भोकं,
लांब ते लांब, आखूड ते आखूड.

अपोंडीनं आठशे सांगितले.
न्यार आलेगोनं लेसोची गाठ सोडली,
पाचशे मोजले, पुन्हा मोजले,
आणि बारीक आवाजात म्हणाली,
"उरलेले लिहून ठेव."

अपोंडीनं वही माझ्याकडे सरकवली.
मी नाव लिहिलं. तीनशे लिहिले.
ओळखीची खूण काय घालू,
ते काही केल्या सुचेना.