कंदील

हरिपुरात हळदीचं पेव उघडताना
आधी कंदील सोडायचे दोरीनं.
विझला तर थांबायचं.
जळत राहिला तर मग मला हाक : पायगोंडा अण्णा, या.

मी कडेला पालथा पडून
छातीभर आत घ्यायचो तो अंधार
आणि सांगायचो :
वरचा हात-दीड हात गेलाय, खाली माल चोख.
किंवा नुसताच उठून धोतर झटकायचो.
व्यापाऱ्याला तेवढं पुरायचं.

सदतीस वर्षं या नाकावर घर चाललं.
राजापुरी कुठली, सेलम कुठली,
कुठली शिजताना कच्ची राहिली,
कुणी वरून रंग चोळलाय.
नाक खोटं बोललं नाही.
मी कधीमधी बोललो असेन.

गेलं कधी, ते कळलं नाही.
नजर गेली की माणूस भिंतीला धडकतो,
कान गेले की लोक ओरडतात,
नाक मात्र पहाटेच्या पाहुण्यासारखं जातं,
चपला हातात घेऊन.

आधी शिळ्या आमटीचा आंबूस वास गेला.
मग रॉकेल, मग फिनेल,
मग हिच्या केसांतली शिकेकाई.
ती बहुतेक हिच्याबरोबरच गेली,
मी हिशेब ठेवला नाही.

मार्केट यार्डात अजून कुणी मूठ पुढं करतं.
मी नाकाशी नेतो, डोळे मिटतो,
आणि हळूच कांडी मोडतो.
कट् वाजली तर वाळलेली.
नाही वाजली तर म्हणतो, अजून दोन उन्हं द्या.
माना डोलतात.
चाकरी कानाची, नाव नाकाचं.

परवा दूध करपलं.
मी तिथंच, खुर्चीत, पेपर वाचत.
त्रिशला पळत आली, बोलली काहीच नाही.
संध्याकाळी शेगडीजवळची माझी खुर्ची
खिडकीपाशी सरकली होती.

मैना, सात वर्षांची, तिला तेवढं ठाऊक.
काल गोदामात तिच्यापुढं पोतं उघडलं.
कसला गं?
तिनं नाक मुरडलं, जरा थांबली.
"ओल्या मोज्यांचा. पण आज्जा,
त्याच्या मागं, लांब,
कुणीतरी शेंगा भाजतंय."

मी त्या पोत्याला नाही म्हणालो.
तळातून बुरशी निघाली. व्यापारी पाया पडला.

पण शेंगा?
सदतीस वर्षांत मला तो वास कधी आला नव्हता.

रात्री उशाशी कांडी धरून बसलोय.
आत हात-हात दोरी सोडतोय.
जळतंय की विझलंय,
वरून दिसत नाही.