ने-आण

हेसल रोडमागच्या चर्चच्या हॉलची किल्ली
नऊ वर्षं माझ्या पर्समध्ये आहे,
म्हणून मी यांची पाठीराखी.
एवढंच. बाकी माझं योगदान म्हणजे
एक गळकी किटली, आणि दर मंगळवारी
"दिवे मालवून जा रे" हे मराठीतून,
कारण इंग्रजीतून सांगितलं तर ऐकत नाहीत.

नवरा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या.
म्हणो.

आज वर्ष झालं म्हणून समारंभ.
बँकेने पुठ्ठ्याचा चेक आणलाय, दारापेक्षा रुंद.
तो आधी तिरका, मग आडवा, मग
मॅनेजरबाईंनी नाइलाजाने गुडघ्यावर दुमडून
आत घेतला; पाच हजारांतलं एक शून्य
कायमचं मोडलं.
काकपर हसला नाही. तो खुर्च्या मोजत होता.
साठ मांडल्या होत्या, त्रेपन्न भरल्या.

एका टेबलावर सॉसेज रोल,
दुसऱ्यावर निमोच्या आईचे सांबुसे,
मधे माझी खारी शंकरपाळी,
जी लोक बिस्किटं समजून चहात बुडवतात.

नगरसेवक बोलले. वीस मिनिटं.
उंटावरून शेळ्या हाकायला
उंट लागतोच असं नाही, माईक पुरतो.
"उद्याचे नेते," म्हणाले ते, तीनदा,
आणि मला त्या शब्दातलं क्रियापद दिसू लागलं.
टेबल आत ने. कचरा बाहेर ने.
धाकट्या रूबेनला घरापर्यंत ने,
त्याची आई रात्रपाळीला असते.
आमच्या शाळेच्या पुस्तकात नेतृत्व
नेहमी घोड्यावर बसलेलं असायचं.
इथे ते बादली घेऊन उभं आहे,
छत गळतं त्या कोपऱ्यात.

मग निमो उठली. सतरा वर्षांची,
हातात आभारांची यादी. ती मीच तपासली होती,
बँकेच्या नावाच्या स्पेलिंगसकट.
तिने कागद उलटा केला
आणि मागची बाजू वाचली.

"चौदा. सतरा. बावीस.
बावीसच्या पलीकडचा, ज्यावर नंबरच उरलेला नाही.
एकतीस."

लोक हसऱ्या चेहऱ्याने थांबून राहिले,
लॉटरीचे आकडे असावेत तसे.

दिव्याचे खांब आहेत हे.
गेल्या हिवाळ्यात या पोरांनी
रेल्वेलगतच्या पायवाटेवरचे बंद दिवे मोजले,
चार वाजताच पडणाऱ्या काळोखात
खांबाखांबावर खडूने फुली मारत.
बेचाळीस निघाले.
पत्रं लिहिली, कचेरीत चकरा मारल्या,
सदतीस लागले. अहवालाच्या मुखपृष्ठावर
त्या सदतिसांचा फोटो आहे, गुळगुळीत कागदावर.
हे उरलेले पाच.

"धन्यवाद," म्हणाली ती, आणि बसली.

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना.
नगरसेवकांची शंकरपाळी कपात बुडाली
आणि ते चमच्याने तिला शोधत राहिले
गरजेपेक्षा जास्त वेळ.
मॅनेजरबाईंनी मात्र पेन काढलं,
मोडक्या चेकच्या पाठीवर लिहिलं: चौदा, सतरा,
आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं,
"बावीसनंतर काय म्हणाली?"

नऊला मी दिवे मालवले, कुलूप घातलं.
फुलं उरली, सॉसेज रोल उरले,
चेक दाराबाहेर जाईना म्हणून तोही आतच राहिला.
पायवाटेने निघालो. एकतीसजवळ
अंधार तसाच, ओला, गोदीच्या वासाचा.
रूबेनने माझी बाही धरली.
काकपरने मोबाईलचा टॉर्च लावला,
स्वतःपुढे नाही,
थोडा मागे राहून आमच्या पावलांपुढे धरला.

"मला सोडून पुन्हा एवढं लांब जाशील?"
"रूबेनला न्यायचंय अजून."
"आणि मग?"
"मग येईन की परत. याच वाटेने."

मी पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपली.
उद्या बुधवार. तरी कुणीतरी मागायला येईल.