सिएना, दिवस चौथा

वहीत तुझ्या तलाठी अक्षरात लिहिलं होतं:
दिवस चौथा. सिएना. चौक, मनोरा, चारशे पायऱ्या.
खाली बारीक: गुडघे सांभाळून.
त्याच्याही खाली: हिच्यासाठी लिंबाचं लोणचं, झाकण घट्ट.

गुडघ्यांनी दगा दिलाच नाही.
डिसेंबरात दोन स्टेंट बसले,
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी तिकिटं न बघताच मान हलवली,
आणि एजंटाने चाळीस टक्के कापून पैसे परत केले.
ते तू मोजले नाहीस.
वही मात्र पासपोर्टांच्या खणात ठेवलीस,
पासपोर्टांच्या वर.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी,
डिचोलीत पंखा नुसतीच गरम हवा ढवळत होता,
म्हणालास, "ऊठ. टोपी घे. इटलीला जाऊ, दोन फेरीबोटी."

डिसेंबरपासून स्कूटर मी चालवते.
मये, नार्वे, पहिली फेरी,
दिवाडीच्या शेतांतून जाणारा तो सरळ रस्ता,
उन्हात म्हशीसुद्धा पाण्यात नाकापुरत्या.
दुसऱ्या फेरीतून उतरल्यावर व्हाइसरॉयच्या कमानीखाली
तू स्कूटर थांबवायला लावलीस
आणि इमिग्रेशनला द्यावा तसा
कुणालाच नसलेला चेहरा दिलास.

काजेतानच्या घुमटाखाली गार.
"इटलीच्याच पाद्रींनी बांधलंय," तू कुजबुजलास,
"रोमच्या मोठ्या चर्चवरून. म्हणजे रोम झालं."
पेनाने टिचकी. दिवस पहिला, दुसरा.
बॉम जेझूत फ्लोरेन्सचा संगमरवर,
दहा वर्षं घडवला, जहाजातून आणला,
जुळवायला कारागीरही बरोबर आला.
"एवढ्या लांबून?" मी म्हटलं.
"तेव्हा एजंट नव्हते," तू म्हणालास,
आणि हसताना छातीवर हात ठेवलास
पूर्वी शर्टाच्या खिशातलं पेन चाचपायचास तसा.

मी इतिहास ऐकत नव्हते.
ऑगस्टिनच्या मनोऱ्याकडे चढताना तू बोलत होतास
घंटा कुठे गेली, छप्पर कसं बसलं,
आणि मी दोन वाक्यांमधला श्वास मोजत होते.
पर्समध्ये जिभेखालची गोळी,
पर्सची चेन अर्धी उघडी.
चार मजले भिंत, बाकी आभाळ.
चिऱ्यांच्या सावलीत एक लालबुंद जोडपं बसलं होतं,
बाई टोपीनेच नवऱ्याला वारा घालत होती.

सिएनाजवळची निघाली ती.
तू वही पुढे केलीस, परीक्षेचा पेपर द्यावा तशी.
देवनागरी तिला कळेना, चित्र मात्र कळलं,
तू काढलेला मनोरा, पायऱ्यांचा आकडा.
हातवारे करून म्हणाली, "मी? कधीच नाही. घराजवळ आहे ना."
नवऱ्याने तिच्या खांद्यावर टपली मारली.
मी शेवटची इथे आले होते सातवीच्या सहलीत,
ते मी तिला सांगितलं नाही.
आमच्या बाटलीतलं कोकम त्यांना दिलं.
तिने घोट घेतला, डोळे मिटले,
नवऱ्याला दिलंच नाही.

उतरताना तू सिएनावर टिचकी केली नाहीस.
"चारशे झाल्या नाहीत."
किती झाल्या ते तुला माहीत होतं, मलाही.
दोघांचे आकडे वेगळे.

रस्त्याकडेला मानकुराद. घासाघीस तू केलीस,
जुन्या आवाजात, म्हणून मी मध्ये पडले नाही,
आणि आपण चांगलेच फसलो.

फेरीच्या कठड्याशी तू म्हणालास, "व्हेनिस?"
मी म्हटलं, "पाणी गढूळ आहे."
"तिथेही असतं म्हणे."
टिचकी.

नार्व्याला फळी आदळली, माणसं उतरली.
तू हात पुढे केलास. "आता मी चालवतो."
मी चावी दिली नाही.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला.
मग दिली.

मागे बसून, आंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन,
तुझ्या घामेजल्या पाठीला कान लावला.
धडधड ऐकू येत होती,
इंजिनाची की कुणाची, कळेना.
मयेच्या चढावर तू गिअर बदललास,
आणि तरीही ती चालू होती.